लघु-गुरु आणि कच्ची द्राक्षं : चार इंग्रजी क्रियापदांचा गुंता

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : ‘अलीव्हिएट’ आणि ‘मिटिगेट’, दोन्हींपुढे शब्दकोशात ‘कमी करणे, सौम्य करणे’. ‘अ‍ॅग्रव्हेट’ आणि ‘इग्झॅसरबेट’, दोन्हींपुढे ‘वाढवणे, चिघळवणे’. व्याख्या तोंडपाठ आहेत, तरी रिकाम्या जागेत नेमका चुकीचा शब्द भरला जातो. असं का होतं?

कारण व्याख्येत क्रिया कळते, कर्म कळत नाही. चारही क्रियापदं सकर्मक आहेत, आणि कोणाची सोबत कोणत्या नामाशी जमते यातच त्यांचा फरक आहे. पण आधी मुळं पाहू, कारण ती मराठी माणसाच्या ओळखीची आहेत.

‘अलीव्हिएट’च्या पोटात लॅटिन ‘लेविस’ आहे, म्हणजे हलका. ‘अ‍ॅग्रव्हेट’मध्ये ‘ग्राविस’, म्हणजे जड. हे दोघे आपल्या ‘लघु’ आणि ‘गुरु’चे भाऊबंद, ‘लेविस’-‘लघु’ यांचा मूळ इंडो-युरोपीय धातू एक, ‘ग्राविस’-‘गुरु’ यांचा दुसरा. वृत्तातले लघु-गुरु तेच, गुरुत्वाकर्षणातला गुरुही तोच. एक क्रियापद भार लघु करतं, दुसरं गुरु.

दुसरी जोडी तर थेट द्राक्षबागेतली. लॅटिन ‘मीटिस’ म्हणजे मऊ, सौम्य. फळाबद्दल बोलताना पिकून आंबटपणा गेलेलं. ‘आकेर्बुस’ म्हणजे कच्चं, तुरट, तोंड वाकडं करणारं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट या गोष्टीच्या लॅटिन पद्यरूपात कोल्हा द्राक्षांना हाच शब्द लावतो. ‘मिटिगेट’ आंबटपणा उतरवतं, ‘इग्झॅसरबेट’ तो चढवतं.

मुळं आठवणीसाठी; वापर मात्र सोबतच्या नामांवरून ठरवा. जे आत्ता सोसलं जातंय त्याला ‘अलीव्हिएट’ : वेदना, तहान, दारिद्र्य, टंचाई, वाहतूक कोंडी. गोळीनं दाढदुखी अलीव्हिएट होते, कीड जागच्या जागी राहते. द्वारका चौकातली कोंडी अलीव्हिएट करायची असते. माणूस मात्र या क्रियापदाचं कर्म होत नाही. ‘डॉक्टरांनी रुग्णाला अलीव्हिएट केलं’ हे चूक. तिथे ‘रिलीव्ह’ हवं, किंवा कर्म ‘रुग्णाच्या वेदना’ असं हवं.

‘मिटिगेट’ला धोका, परिणाम, नुकसान, झळ ही नामं लागतात, आणि बहुतेकदा त्यात आधीच केलेली तजवीज असते. गंगापूर धरणातून वेळीच, टप्प्याटप्प्यानं पाणी सोडलं तर रामकुंड परिसरातला पुराचा धोका मिटिगेट होतो. बागेवरचं प्लॅस्टिक आच्छादन अवकाळी पावसाचं नुकसान मिटिगेट करतं. पाऊस थांबवत नाही.

‘इग्झॅसरबेट’ आधीच बिघडलेल्या स्थितीला लागतं : तणाव, टंचाई, दमा, रोग. पानांवर ओल टिकली की द्राक्षावरचा डाऊनी हा रोग इग्झॅसरबेट होतो. निरोगी बागेबद्दल हे क्रियापद वापरता येत नाही, आधी रोग असावा लागतो. ‘अ‍ॅग्रव्हेट’ दुखापत, जखम, गुन्हा यांच्याशी जास्त जमतं. या दोघांत सीमारेषा पुसट आहे, पुष्कळ वाक्यांत दोन्ही चालतात. परीक्षेत पर्याय अडला तर सोबतचं नाम पाहा. बोलण्यात ‘अ‍ॅग्रव्हेट’चा अर्थ ‘चिडवणे’ असाही होतो, निबंधात तो टाळलेला बरा.

न्यायालयीन भाषेत जोड्या बदलतात, हे मुद्दाम सांगायला हवं. शिक्षा ठरवताना ‘अ‍ॅग्रव्हेटिंग’ आणि ‘मिटिगेटिंग’ परिस्थिती तोलतात. फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून हे शब्द आपल्याकडे सतत येतात. तिथे ‘अलीव्हिएटिंग’ लिहिलंत तर चूक.

आता शब्द पाठ करायच्या कार्डाचं, म्हणजे फ्लॅशकार्डाचं. पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, रिकाम्या जागेचं वाक्य लिहा. मागे शब्द, उच्चार, एका ओळीत मराठी अर्थ, सोबत येणारी तीन नामं आणि न चालणारं एक. शब्द पुढे असला की डोळा ओळखतो आणि आपल्याला वाटतं येतंय. वाक्यातून शब्द ओढून काढावा लागला तरच तो परीक्षेत हाताशी येतो. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. दिवसाला पाच नवे शब्द पुरेत.

आणि हे चौघे एकाच दिवशी शिकू नका. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र घेतले की एकमेकांत मिसळतात. तुमचा गोंधळ बहुधा तिथेच सुरू झाला. आधी ‘अलीव्हिएट’ पक्का करा, मग चार-पाच दिवसांनी ‘मिटिगेट’.

उच्चारात ‘अलीव्हिएट’चा जोर ‘ली’वर, ‘इग्झॅसरबेट’चा ‘झॅ’वर, त्यातल्या ‘सी’चा ‘क’ करू नये. शेवटचा सापळा ‘अगेन्स्ट’चा : ‘मिटिगेट अगेन्स्ट’ असं छापील मजकुरातही दिसतं, पण ते चूक मानलं जातं. ‘अगेन्स्ट’ हवा असतो तो ‘मिलिटेट’ला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला सैनिक आहे, अमुक गोष्टीच्या विरोधात भारी पडणे, हा त्याचा अर्थ.