वाळूतला तंबू आणि घोड्याची पाठ

या वेळी टपालात एकाच विषयाची तीन पत्रं आली, वाळवंटातलं कॅम्पिंग आणि घोडा. मागच्या अंकात मी थरच्या फिरतीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या त्याचाच हा परिणाम दिसतोय. तिन्ही घेतेय, मधल्याला जास्त जागा लागणार आहे.

शहापूर, बेळगावहून एक ताई लिहितात: डिसेंबरात आम्ही चौघं जैसलमेरला चाललोय. मिस्टर ९२ किलोचे, धाकटी ११ वर्षांची, दोघांनाही घोड्यावर बसून वाळूत फिरायचंय, दोन रात्री तंबूत राहायचंय. मोबाईलवर सगळेच कॅम्प भारी दिसतात, काय बघून बुक करू? आणि थंडीला एक स्वेटर पुरेल काय ओ?

ताई, स्वेटर पुरणार नाही, ते आधी सांगते. आपल्या बेळगावची थंडी दमट, गारठा हळूहळू चढतो आणि चहा घेतला की उतरतो. तिकडे हवेत ओल नाही, आभाळ स्वच्छ, वाळू दिवसभर तापते आणि सूर्य बुडाला की सगळी ऊब वर सोडून देते, त्यामुळे दुपारी पंचवीस डिग्रीत टोपी घालून फिरणारा माणूस पहाटे सात-आठ डिग्रीत कुडकुडत असतो, कधी पारा त्याच्याही खाली जातो. कानटोपी, पायमोजे, आतून घालायचे गरम कपडे आणि सगळ्यांना एकेक जाड चादर घरूनच न्या. कॅम्पवरची रजाई जाड असते पण खालची गादी पातळ असते आणि गारठा खालूनच येतो, हे मला पहिल्या रात्री कळलं.

आता जागा. सम म्हणजे शहरापासून ४० किलोमीटरवर, तिथे तंबूंच्या रांगाच रांगा, संध्याकाळी जीप, स्पीकर, नाच. मुलांना एक रात्र मजा येते, नाही म्हणत नाही. पण तुम्हाला घोडा आणि शांतता हवी असेल तर खुरी गावाकडच्या किंवा आतल्या खेड्यातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहा, जिथे त्यांचं स्वतःचं रान आहे, बाजरी-गवार निघून गेलेली असते आणि त्याच मोकळ्या तुकड्यावर तंबू लागतात. आणि हा सगळा भाग डेझर्ट नॅशनल पार्कच्या आसपासचा आहे, ३१६२ चौरस किलोमीटरचा पार्क, माळढोक तिथलाच, त्यांच्या भाषेत गोडावण. अख्ख्या जगात दीडशेच्या आसपास उरलेत, आपल्या कर्नाटकात तर बळ्ळारीकडे सिरुगुप्प्याजवळ बोटावर मोजण्याएवढे. जमिनीवर अंडी घालणारा पक्षी आहे हा, रात्री लाईट आणि डीजे लावणाऱ्या कॅम्पला तुमचे पैसे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

बुक करायच्या आधी फोनवर एकच विचारा, घोडे तुमचे स्वतःचे का संध्याकाळपुरते आणता? स्वतःचे असतील तर तो माणूस घोड्याचं नाव, वय, स्वभाव न विचारता सांगायला लागतो. आणि पोचल्यावर बसायच्या आधी म्हणायचं, दादा, खोगीर एकदा उतरवून दाखवा.

हे मी का सांगते तर एका कॅम्पवर (नाव लिहीत नाही) मला एक देखणी घोडी दिली होती, कपाळावर गोंडा, गळ्यात घुंगरं, कान आत वळून टोकाला टोक लागलेले, मारवाडीची हीच खूण. मी मानेवरून हात फिरवत मागे आणला आणि खोगिराच्या काठाला ती एकदम आखडली, कातडी थरथरली. खोगीर काढायला लावलं. खालची घोंगडी पाठीला चिकटलेली, ती सोडवताना चर्र झालं, आणि मणक्याच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढं लाल ओलं मांस. आजूबाजूला पांढऱ्या केसांचे ठिपके, म्हणजे जखम पहिली नव्हे, जुन्या भरून आलेल्या जागेवर परत पडलेली. तो पोरगा म्हणाला, मॅडम, बीस मिनट का ही राउंड है. मी बसले नाही. पैसे परत मागितले नाहीत, तेवढे हळद-मलमाला घाला म्हणलं, पण त्या घोडीवर पुढचा माणूस बसलाच असणार हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

मिस्टरांबद्दल स्पष्ट बोलते, राग मानू नका. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त उचलू नये, खोगीर धरून. चारशे किलोचा घोडा म्हणजे ऐंशी, त्यातले आठ-दहा किलो खोगिराचे गेले. मिस्टर ९२ चे, मग हिशोब बसत नाही, त्यात वाळू. घोड्याचा खूर लहान आणि टणक, मऊ वाळूत तो रुततो आणि प्रत्येक पावलाला पायाच्या शिरांवर ताण येतो, उंटाचा तळवा गादीसारखा पसरतो म्हणून तो तरंगल्यासारखा चालतो. मिस्टरांना उंटावर बसवा, तिथलं खरं वाहन तेच. धाकटीला घोडा द्या, पण लगाम धरून माणूस पुढे चालणारा, हेल्मेट तिच्या डोक्याला घट्ट बसणारं, आणि पायात टाचेचा बूट. सँडल नको म्हणजे नको, पाय रिकिबीतून आरपार गेला आणि घोडा बुजला तर मूल फरफटत जातं. टेकडीवर पळवायचा हट्ट करू देऊ नका, कडक जमिनीवर सकाळी पाऊण तास फिरली तरी तिला आयुष्यभर पुरेल.

अथणी तालुक्यातून एक वाचक: ताई, आमची पाच एकर पड आहे, पाणी कमी, ऊस होत नाही. माझा विचार असा की वाळू आणून एक एकर वाळवंटासारखं करायचं, चार तंबू, दोन मारवाडी घोडे, शनिवार-रविवार बेळगाव, सांगली, कोल्हापूरची माणसं येतील. मित्र म्हणतोय रील टाकली की गर्दी होते. घरचे नको म्हणतायत. काय करू?

दादा, घरच्यांचं अर्धं बरोबर आहे आणि तुमचंही अर्धं. राहण्याची कल्पना चांगली, वाळूची वाईट.

वाळू आणणार कुठून? कृष्णेतूनच ना, आणि नदीच्या वाळूवर काय काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. समजा कायदेशीर आणली, तरी खाली तुमची काळी जमीन. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस नाही, तुमच्याकडे रडतखडत का होईना दुपटीच्या वर पडतो. पहिल्या वळवात काळी माती फुगून वर येणार, वाळू खाली जाणार, चिखल-वाळूचा राडा, आणि उन्हाळ्यात खाली भेगा, वरून वाळूने झाकलेल्या. त्या भेगेत घोड्याचा पाय गेला तर नळी मोडते, आणि घोड्याची नळी मोडली की बहुतेक वेळा घोडाच जातो. दुसरं म्हणजे घोडा वाळूवर पडलेला चारा खातो तेव्हा वाळूही गिळतो, ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकताही येत नाही. थरातली माणसं म्हणूनच तोबरा, म्हणजे तोंडाला चाऱ्याची पिशवी, बांधतात, खाली टाकत नाहीत.

आणि खरं सांगू का, तुमचं माळरान हेच बघायला यावं असं आहे. बाभळी, कुसळी गवत, संध्याकाळी लांबवर दिसणारा पाऊस, रात्री काळंकुट्ट आभाळ. शेजारच्या बागलकोटात यडहळ्ळीला चिंकाऱ्यांचं अभयारण्य केलंय, तोच चिंकारा थरातही आहे, म्हणजे कोरड्या रानाचं नातं तिथपर्यंत पोचतंच की. कोल्हापूरच्या माणसाला हिरवं रोज दिसतं, त्याला हे दाखवा. थरात गावाच्या राखीव रानाला ओरण म्हणतात, देवाच्या नावाने सोडलेलं, फांदी तोडत नाहीत, आपल्या खानापूरकडच्या देवरायांसारखं. तुमच्या पाचातलं एक एकर असं मोकळं सोडा, दोन पावसाळ्यांत गवत उभं राहील आणि पक्षी येतील.

आता घोडे. मारवाडी आणू नका. दिसायला राजबिंडा, पण तापट, त्याला रोजचं काम आणि हाताशी जाणता माणूस लागतो, तुम्ही तर शनिवार-रविवारपुरते म्हणताय, बाकी पाच दिवस बांधून ठेवलेला घोडा सोमवार ते शुक्रवार दावं चावतो आणि शनिवारी पाहुण्याला पाडतो. आपल्या दख्खनची भीमथडी घोडी बघा, बुटकी, काटक, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर घाट चढणारी, अलीकडे तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही मिळालीय. घ्यायच्या आधी नुसते बाजार फिरा, दत्तजयंतीला नंदुरबारकडे सारंगखेडा भरतो, अकलूजचा घोडेबाजार तर तुम्हाला जवळ. पहिल्या वर्षी विकत घेऊच नका, बघा. आणि घेताना ग्लँडर्ससाठी रक्त तपासल्याचा कागद मागा, हा रोग माणसालाही लागतो आणि निघाला तर जनावर मारावंच लागतं, त्यात तडजोड नाही.

खाण्याचं तुमच्या पट्ट्यात एक विशेष सांगायचं राहील म्हणून ठळक सांगते. आपल्याकडे उसाचे वाढे फुकट मिळतात, म्हशी खातात, म्हणून लोक घोड्यालाही टाकतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, गाई-म्हशींचं पोट ते बरंचसं जिरवतं पण घोड्याचं नाही, महिनोन्‌महिने दिलं की हाडं पोकळ होतात, तोंड सुजल्यासारखं दिसतं, लंगडायला लागतो आणि मालक म्हणतो नजर लागली. हिरवी कोवळी ज्वारीही नको. वाळलं गवत, चांगला वाळलेला कडबा, थोडा हरभरा, मिठाचा खडा. घोड्यामागे दिवसाला आठ-नऊ किलो चारा आणि तीस-चाळीस लिटर पाणी धरा, उन्हाळ्यात त्याच्याही वर. दोन घोडे म्हणजे रोज साठ-ऐंशी लिटर. तुम्हीच लिहिलंय पाणी कमी, मग मे महिन्यात टँकर कितीला पडतो तो आकडा आधी कागदावर मांडा, तंबूचा नंतर.

नालबंद कुठला, हेही आत्ताच शोधा. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बदलावी लागते, आणि बैलाचे पत्रे मारणारा प्रत्येकजण घोड्याचं करू शकत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दरवर्षी, घोड्याला तो फार पटकन होतो, एक गंजका खिळा पुरतो.

कागदपत्रांचं थोडक्यात, शेतजमिनीवर राहण्याचा धंदा म्हणजे १९६४ च्या कर्नाटक भू-महसूल कायद्यातल्या कलम ९५ प्रमाणे जमीन बिगरशेती करून घ्यायची, मग ग्रामपंचायतीचं लायसन. पाचही एकर एनए करू नका, लागेल तेवढाच तुकडा. उताऱ्यावर भावांची नावं एकत्र असतील तर आधी वाटणी नाहीतर लेखी संमती, नंतर भांडणात तंबू पडतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या हिवाळ्यात दोन तंबू, घोडा शून्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आईच्या हातची भाकरी, शेंगाची चटणी, मडक्यातलं दही. काळ्या मातीत खुंट्या ओल असेपर्यंतच धरतात, वाळली की सैल होतात, तेव्हा दोरीला दगड बांधून पुरा (वाळूतही पोती भरून असंच पुरतात). संडासचा खड्डाही काळ्या मातीत पाणी शोषत नाही, तो मुरमाड अंगाला घ्या. माणसं आली, परत आली, तर दुसऱ्या वर्षी एक घोडी, आणि ती सांभाळायला घरातला एक माणूस जो तिला रोज दोनदा बघेल. असा माणूस घरात नसेल तर घोडी आणू नका दादा, हात जोडून सांगते.

निपाणीहून एक निवृत्त शिक्षिका: वय ६१, गुडघे ठीक, घोड्यावर बसायची इच्छा लहानपणापासून. हसतील काय लोक?

बाई, हसू देत. डॉक्टरांना हाडांची घनता तेवढी तपासायला सांगा, कारण या वयात पडलं तर खुबा जातो. बाकी अडचण काही नाही. सुरुवात मात्र खोगिरावर नको. पहिले चार दिवस नुसता खरारा करा, मानेपासून मागे, केसांच्या दिशेने, दाबून, आणि तोंडाने बोलत राहा म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्याला कळतं. मागून जाताना पुठ्ठ्यावर हात ठेवूनच जा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मान खाली सोडतो, खालचा ओठ लोंबतो, एक मागचा पाय सैल टेकवतो, म्हणजे तुमच्याजवळ त्याला बरं वाटतंय. मग ओट्यावर उभं राहून चढा, जमिनीवरून उडी मारून नाही, त्याने तुमचा गुडघाही वाचतो आणि त्याची पाठही. चढल्यावर तंग पुन्हा एकदा तपासून घ्यायला सांगा, घोडा पहिल्यांदा पोट फुगवून धरतो आणि दहा पावलांवर तो पट्टा सैल होतो.