विक्रांतवर कोळसा नव्हता

प्रश्न असा आहे: "१९७१ ला आयएनएस विक्रांतचा एक बॉयलर नादुरुस्त होता म्हणतात. मग तिला युद्धात का उतरवलं?"

विक्रांत म्हणजे आपली तेव्हाची विमानवाहू युद्धनौका. बॉयलर नादुरुस्त होता, ही अफवा नाही. चारांपैकी एकाला तडे गेले होते. पंचविसाच्या आसपास नॉट्स (ताशी सागरी मैल) काढणारी बोट सोळाच्या घरात आली. विमान उडवायचं तर बोट वाऱ्याच्या तोंडाला जोरात पळवावी लागते, आणि डेकवरून विमान फेकणाऱ्या कॅटापुल्टलाही वाफ त्याच बॉयलरांची. उरलेल्या तिघांवर काय ताण आला असेल बघा.

हे मला पाठ आहे, कारण माझे बाबा विक्रांतवर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी होते. एका गणपतीत भर पंगतीत मामा म्हणाले, "लढाई मारली ती विमानवाल्यांनी. स्टोकर काय, खाली कोळसो ढकलूक!" बाबांचा हात पानातच थांबला. "कोळसा तुमच्या आगगाडीत. आमच्याकडे फर्नेस ऑइल," एवढं बोलून ते उठले आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन आले. उलटा धरला, दांडा पुढे. म्हणाले, जास्त दाबाची वाफ फुटली तर दिसत नाही, नुसती शीळ ऐकू येते. मग असा दांडा पुढे फिरवत जायचं. दांडा कापला गेला की समजायचं, गळती इथे. दांड्याच्या जागी हात असता तर? पंगत गप्प. आई मात्र चिडली, जेवणात झाडू आणला म्हणून. मामांनी मोदक मागितला.

तर, का उतरवलं? ६५ च्या युद्धात विक्रांत गोदीत दुरुस्तीला होती आणि पाकिस्तानने ती बुडवल्याची आवई उठवली. ते नौदलाच्या जिव्हारी लागलं होतं. ७१ ला नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांनी तिला बंगालच्या उपसागरात धाडलं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिला विशाखापट्टणमपाशी शोधत राहिली. विक्रांत अंदमानात, आणि ती इथेच आहे असं भासवणारे खोटे संदेश सोडायला जुनी विनाशिका राजपूत. ३-४ डिसेंबरच्या रात्री गाझी तिथेच बुडाली. ४ तारखेला विक्रांतवरच्या सीहॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातलं कॉक्स बझार आणि चितगाव झोडपलं. पुढे खुलना, मोंगला. पदकं बहुतेक वरच्यांना मिळाली. मिळावीत, पण बॉयलर रूममधल्या उकाड्यात चार-चार तास उभं राहणाऱ्याला निदान "कोळसेवाला" तरी म्हणू नका.

वेग कमी असताना वारा पुरेसा कसा मिळायचा, हे एखाद्या वैमानिकाला विचारा. मी खालच्या बाजूचा.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. बाबा विक्रांतवर आले ७६ साली. ७१ चं जे सांगतात ते त्यांच्या सीनियरांकडून ऐकलेलं. मामांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून दर गणपतीत ते ७१ चाच विषय काढतात.