पिढी आली पिढ्यावरून

कॅम्पातल्या एका वाचकांचा प्रश्न : “आमच्याकडे प्रार्थनेला येणारे वक्ते ‘पिढीजात शाप’ असं सारखं म्हणतात. बापाच्या पापाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत होतं, असं बायबलात आहे. ते हेच का? आणि पिढी हा शब्द पिंडावरून आला, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का?”

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ‘पिंडावरून पिढी’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. बाप-आजा-पणजा अशा तिघांना पिंड देतात, म्हणून पिढी! ऐकायला झकास, पण पिंडाचा ‘ढ’ कुठल्या वाटेने झाला ते व्याख्यात्यांनी सांगावं. पिंडाची मराठीत पेंड होते, ती म्हशीला घालतात.

पिढी आली ती पीठिकेवरून. पीठिका, प्राकृतात पीढिआ, मराठीत पिढी. दोन स्वरांमधल्या ‘ठ’चा ‘ढ’ होतो : पठ-चं पढ (पढतमूर्ख आठवा), मठाची मढी, तसं पीठाचं पिढं. पिढं म्हणजे बुटकं, चार पायांचं बसायचं. आमच्या कसब्यातल्या घरी चुलीपुढे एक होतं. त्याचा एक पाय आखूड, खाली सुपारीच्या डबीचं झाकण सरकवलेलं. त्यावर आधी पणजी बसायची, मग आजी, मग आई. माणसं बदलली, पिढं तेच. पिढी म्हणजे बसायची जागा, आणि मग त्या जागेवर पाळीपाळीने येणारं माणूस. ‘गादीवर बसला’ म्हणतो ना, तेच, फक्त स्वयंपाकघरातलं.

आता बायबल. तुम्ही म्हणता ते वाक्य ‘निर्गम’ या पुस्तकात आहे (२०:५), आणि गंमत अशी की तिथे मूळ हिब्रूत पिढी हा शब्दच नाही! हिब्रूत पिढीला ‘दोर’ म्हणतात, तो तिथे नाही. नुसतं ‘तिसऱ्यांवर आणि चौथ्यांवर’ एवढंच आहे. पिढी आपल्या भाषांतरकारांनी घातली, आणि छान केलं. (मराठी माणसाला हिब्रू कशाला, असं कुणी म्हणू नये. इथून जवळच केडगावात पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीक लावून अख्ख्या बायबलाचं मराठी करत होत्या. ते १९२४ साली छापून निघालं.) तिसरे-चौथेच का? माझं मत पक्कं आहे : एका घरात, एका वेळी, एका चुलीभोवती जास्तीत जास्त तेवढीच पिढी मांडलेली असतात. कर्त्याने शेण खाल्लं की वास त्या सगळ्यांना येतो. पुढच्याच ओवीत दया मात्र हजारांवर आहे. हे प्रमाण वक्ते का गाळतात?

शिवाय तिथे शाप नाही, शासन आहे. हिब्रू क्रियापद ‘पाकद’, म्हणजे हजेरी घेणं, झडती घेणं. आणि बायबलातलंच ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक (२४:१६) तर साफ बजावतं की बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारायचं नाही. यहूदाच्या अमस्या राजाने आपल्या बापाचे मारेकरी मारले, पण त्यांच्या मुलांना हात लावला नाही, तो याच नियमाला धरून. पिढीजात म्हणजे वारशाने हातात आलेलं : वतन, सावकारी, भाऊबंदकी. शापाला ते विशेषण लावलं की शापाचाही सातबारा निघतो.

बाबेलमध्ये धरून नेलेल्या यहुदी बंदिवानांची एक म्हण होती : बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. त्यांच्यातलाच संदेष्टा यहेज्केल आपल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ती म्हण पुन्हा उच्चारू नका म्हणतो. जो पाप करील तोच मरेल. हिब्रूत दात ‘बोथट’ होतात. आपल्याकडे ‘आंबले’ म्हटलं की काम झालं. शाळेबाहेर तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी खाऊन घरी यायचं आणि रात्री मऊ पोळीसुद्धा चावताना शिरशिरी यायची, ते. पण कैरी मी खाल्लेली असायची, वडिलांनी नव्हे. यहेज्केलचा मुद्दा तोच.