चर्चच्या सेवेला लागतोयस, तर एक सांगतो

तुझा उत्साह पाहून बरं वाटतं, पण आधी बायबलमधली शौल राजाची गोष्ट नीट वाच. अमालेकी या शत्रू लोकांचं काहीही राखू नकोस, अशी त्याला देवाची आज्ञा होती. त्याने उत्तम मेंढरं-गुरं राखली आणि वर म्हणाला, देवाला यज्ञ करायलाच आणलीत! देवाची आज्ञा सांगणाऱ्या शमुवेल संदेष्ट्याच्या कानावर तेव्हा मेंढरांचं ओरडणं पडत होतं. राजपद गेलं ते त्यापायी.

मीही सुरुवातीला तेच केलं. खुर्च्या मांडायचं काम अर्धवट टाकून गाणाऱ्यांत जाऊन उभा राहिलो. देवासाठीच गातोय, असं वाटलं. मागे एक आजी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ते अजून डोळ्यांसमोर येतं.

सोपवलेलं काम आधी पुरं कर. आणि प्रार्थनेला घाईने तोंड उघडू नकोस. कोणासमोर उभा आहेस ते क्षणभर आठव.