लाव्हाच्या बोगद्यातले आंधळे खेकडे

प्रश्न : आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या कॅनरी द्वीपसमूहातील लांझारोते बेटावरील ‘हामेओस देल आग्वा’ या गुहेतल्या तळ्यात चिमुकले पांढरे खेकडे पाहिले. तळ्यातून समुद्राकडे जाणारी वाट कुठेच दिसली नाही. मग हे प्राणी तिथे आले कसे? आणि पाण्यात नाणी टाकायला मनाई का?

उत्तर : आपण पाहिलेला प्राणी म्हणजे ‘मुनिडॉप्सिस पॉलिमॉर्फा’. तो खरा खेकडा नव्हे. शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यांच्या गोतावळ्यातला, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरांचा आणि दृष्टी गमावलेला कवचधारी आहे. वाट दिसत नसली तरी ती आहे. समुद्राचे पाणी सच्छिद्र लाव्हातून झिरपत आत येते आणि म्हणूनच तळ्याची पातळी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते.

खरा पेच काळाचा आहे. ही गुहा ज्या लाव्हा-बोगद्याचा भाग आहे, तो बेटावरील मोंते कोरोना ज्वालामुखीच्या उद्रेकात, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी तयार झाला, आणि डोळे व रंग गमावण्याइतका बदल घडून यायला हा अवधी फारच अपुरा वाटतो. तेव्हा गुहेपेक्षा तिचे रहिवासी जुने आहेत, असेच म्हणावे लागते. बेटाच्या जुन्या खडकांतल्या पाण्याने भरलेल्या भेगा हे त्यांचे मूळ घर असावे; गुहा ही केवळ आपल्याला आत डोकावू देणारी खिडकी. मुनिडॉप्सिसचे बहुतेक भाईबंद खोल समुद्रात राहतात, त्यामुळे अंधाराची सवय त्याने तिथूनच आणली, असे काही अभ्यासक मानतात.

मात्र गुहेतल्या सर्वच प्राण्यांना खोल समुद्राचे हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. ‘रेमिपीड’ हे गोमेसारखे लांबट, आंधळे कवचधारी १९७९ साली जिल येगर या संशोधिकेला अमेरिकेच्या बाजूच्या ग्रँड बहामा बेटावरील गुहेत प्रथम सापडले, आणि पुढे त्यांचाच एक नातेवाईक थेट अटलांटिकपलीकडे, याच लाव्हा-बोगद्याच्या समुद्राखाली गेलेल्या भागात आढळला. अटलांटिक महासागर अरुंद होता त्या काळापासून ही वंशावळ दोन्ही किनाऱ्यांवर टिकून असावी, हे अनुमान मला अधिक पटते.

नाण्यांचे म्हणाल, तर खाऱ्या पाण्यात ती गंजतात आणि त्यांतून विरघळणारा धातू या प्राण्यांना विषासारखा बाधतो. मुनिडॉप्सिसची ही जात लांझारोतेबाहेर कुठेही सापडलेली नसल्यामुळे ही मनाई मुळीच जाचक म्हणता येणार नाही.