पगार वेळेवर, सुट्ट्या भरपूर. तरी लेकीला नोकरी नकोशी का झाली?

नमस्कार ताई,

तुमची लेक दोन वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहे. वर्षभरात तिथले तिघे सोडून गेले, आता तीही राजीनाम्याचं बोलते. ‘पगार वेळेवर, सुट्ट्या भरपूर, मग बिनसलं कुठे?’ असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी नसल्या तर माणूस वैतागतो. पण असल्या म्हणून कामात जीव रमतोच असं नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं. इंजिनिअर आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींतून त्यांना दिसलं, की नाराजी बहुतेक नियम, पगार, वरिष्ठांचं वागणं यांवरून होते. समाधान येतं ते काम जमण्यातून, त्याची कुणी दखल घेण्यातून, जबाबदारी मिळण्यातून. या मांडणीवर पुढे टीकाही बरीच झाली, पण तुमच्या लेकीच्या बाबतीत ती मला चपखल वाटते.

तिचं कामच बघा ना. हजारो अर्ज तपासायचे, पण त्यामागचा विद्यार्थी कधी दिसत नाही. निकाल वेळेवर लागला तर कौतुक प्राध्यापकांचं. एका गुणपत्रिकेत चूक निघाली की फोन मात्र हिच्या टेबलावर. अशा जागी दोन वर्षं मन लावून काम केलंय तिने, हे आधी तिला सांगा.

आणखी एक. तिघे गेले, पण त्यांचं काम गेलं नाही. ते उरलेल्यांवर आलं. कुठली फाइल कुठे अडते हे ठाऊक असलेली माणसंही गेली. एक गेला की दुसऱ्याला जावंसं वाटतं ते असं. म्हणून तिला एकच विचारा: त्या तीन जागा उद्या भरल्या, तर थांबशील का?

‘हो’ म्हणाली, तर ती ओझ्याला कंटाळलीय, कामाला नाही. विभागप्रमुखांकडे कामाची फेरवाटणी लेखी मागावी. ग्रंथालय, प्रवेश, वसतिगृह अशा विभागांत बदली मिळते का, तेही पाहावं. तिथे निदान विद्यार्थी समोर येतात. ‘नाही’ म्हणाली, तर तिला अडवू नका. फक्त दुसरी नोकरी हातात आल्यावरच राजीनामा द्यावा.

आणि ताई, हे विचारताना ‘अशी नोकरी पुन्हा मिळायची नाही’ हे वाक्य तेवढं टाळा. ते ऐकलं की ती खरं उत्तर देणार नाही.