डॉक्युमेंटेशन उघडायचं, पण कशासाठी?

प्रश्न : मी सीसीआयई एंटरप्राइझ लॅबची, म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी करतो आहे. परीक्षेत सिस्कोचं डॉक्युमेंटेशन पाहता येतं, म्हणून कमांड पाठ करणं सोडलं. पण सरावात अर्धा वेळ पानं चाळण्यातच जातो. काय करू?

उत्तर : आधी तुमचा हिशेब बघू. परीक्षा 8 तासांची असली, तरी पहिले 3 तास डिझाइनचे. प्रत्यक्ष कॉन्फिगरेशनला उरतात 5 तास. तेवढ्या वेळात विषय शिकून होत नाही. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचे शेजारी राउटर जोडणीच्या एक्सस्टार्ट टप्प्याला अडकले की एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) तपासायचा, हे डोक्यातच हवं. त्यासाठी पान उघडावं लागत असेल, तर तयारी कच्ची आहे, असं मी स्पष्टच सांगेन. फ्लेक्झिबल नेटफ्लो (ट्रॅफिकची नोंद ठेवणारी सोय) किंवा ईईएम अॅप्लेट (ठरावीक घटना घडली की राउटरवर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) यांची गोष्ट वेगळी. ते रोज हाताखालून जात नाही, तिथे खुशाल पाहा.

आता पाहायचं कसं? समजा, डीएमव्हीपीएन फेज 3 आहे, म्हणजे मधला राउटर हब, शाखांचे राउटर स्पोक, आणि स्पोकनी आपसात थेट टनेल उभारायचे. टनेल चालू आहेत, पिंग जातोय, पण एका स्पोककडून दुसऱ्याकडे जाणारं ट्रॅफिक हबवरूनच फिरतंय. कॉन्फिगरेशन गाइडमधलं ते प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. थेट शेवटच्या 'कॉन्फिगरेशन एक्झाम्पल्स'वर जा. हबचं आणि स्पोकचं कॉन्फिगरेशन तिथे पाठोपाठ असतं. हबवर 'आयपी एनएचआरपी रिडायरेक्ट', स्पोकवर 'आयपी एनएचआरपी शॉर्टकट'. तुमच्या स्पोकवर शॉर्टकट राहिलाय, हे तिथल्या तिथे दिसतं. उदाहरण नोटपॅडमध्ये घ्या, पत्ते आणि इंटरफेस बदला, मगच राउटरवर टाका. वेळ असेल तर त्याच प्रकरणातला 'रिस्ट्रिक्शन्स'चा भागही नजरेखालून घाला. बरीच मुलं तो सोडून देतात, आणि कमांड बरोबर असूनही काम का होत नाही याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

कमांड रेफरन्स, म्हणजे एकेका कमांडची माहिती देणारा भाग, मी सगळ्यात शेवटी उघडायला सांगते. एखाद्या कीवर्डसाठी राउटरवर कमांडपुढे टाइप केलेलं प्रश्नचिन्ह (?) जास्त लवकर उत्तर देतं.

आणि आजपासून सरावात सर्च बंद. परीक्षेत तो मिळेल असं धरूच नका. मेन्यूतूनच त्या पानापर्यंत पोहोचायचं. कोणता विषय कोणत्या गाइडमध्ये आहे, हे बोटांना माहीत हवं. ईईएम शोधताना राउटिंगच्या गाइडमध्ये भटकून चालणार नाही. दोन-तीन मिनिटांत सापडलं नाही, तर तो प्रश्न बाजूला ठेवून पुढचा घ्या.